अक्षरांची कुलपे

आमच्या घराण्याला गुप्ततेचे वावडेच होते म्हणा ना! ताई लग्न होऊन धुळ्याला गेली आणि तिचे कार्ड जळगावला आले, की ते आधी पोस्टमन वाचायचा, मग शेजारच्या काकू, आणि सरतेशेवटी आम्ही. त्याच ताईच्या मोबाइलवर पुढे एक सूचना उमटली. यापुढे तुमचे संदेश तुम्हां दोघांखेरीज कोणालाही, खुद्द कंपनीलाही, वाचता येणार नाहीत! व्हॉट्सॲपने २०१६ च्या एप्रिलमध्ये ही सोय सर्वांना करून दिली. ताईने मला विचारले, "अरे, आपण असे कोणते गुपित लिहितो?"

मी पडलो मराठीचा मास्तर. मला महानुभावांची सकळ लिपी आठवली. ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी अक्षरांची अदलाबदल केली आणि किल्ली पंथापुरती ठेवली. ग्रंथ सुखरूप राहिले. पण लीळाचरित्रासारखे तेराव्या शतकातले गद्य इतर मराठी माणसाला शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला. हे राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे.

अदलाबदलीचे कुलूप चिकाटीने सुटते. जे अक्षर वारंवार येते ते हेरले, की बाकीची हळूहळू बोलू लागतात. मोबाइलची जात निराळी. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी मांडलेली युक्ती अशी, की उघडे कुलूप वाटेल त्याला द्यावे, किल्ली मात्र घराबाहेर काढूच नये. ताईचा फोन माझे कुलूप लावून संदेश धाडी. किल्ली माझ्याच फोनात. शिवाय दर संदेशाला नवी किल्ली! तिथे राजवाड्यांनीही हात टेकले असते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर ताईनेच दिले. दुखण्याचे निदान झाले, तेव्हा तिने पहिल्यांदा मला कळवले आणि खाली लिहिले, "यांना इतक्यात सांगू नकोस." कार्डावर ती हे कधीच लिहू शकली नसती.

गेल्या पौषात ती गेली. वाटेवरचे कुलूप वेगळे, फोनचे स्वतःचे वेगळे. त्या दुसऱ्याचे सहा आकडे कोणालाच ठाऊक नाहीत. दुकानदार म्हणाला, "फोन चालू करून देतो, पण आतले सगळे पुसले जाईल." भाऊजींनी तो तसाच परत आणला. भाची म्हणते, "मामा, आईने कुलूप लावलंय ना, मग असू द्या." मला ते पटते, आणि पटतही नाही. तिची जुनी कार्डे अजून तारेला टोचलेली आहेत. कोणीही काढावी आणि वाचावी. शेवटच्या दोन वर्षांतली ताई मात्र जिच्यातिच्यापाशी तुकड्यातुकड्यांनी उरली आहे.

माझा तुकडा माझ्या फोनात आहे. परवा भाऊजी जळगावला आले होते. फोन टेबलावरच पडला होता. त्यांनी काही विचारले नाही. मीही उघडला नाही.