जहाज डॉलरचं, किनारा युरोचा

बार्सिलोनाहून निघून भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या क्रूझवर डॉलर कशाला लागतील, असं आमच्या भावोजींना वाटत होतं. युरोपात जायचं तर युरो घ्यायचे. पण जहाज अमेरिकन कंपनीचं होतं, आणि अशा बहुतेक जहाजांवरचा हिशेब युरोपातही डॉलरमध्येच चालतो. म्हणजे कॉफी जहाजावर प्यायली तर डॉलर, नेपल्सला उतरून प्यायली तर युरो, आणि शेवटी कापले जाणार ते पुण्यातल्या खात्यातले रुपये. मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे आम्ही दोघं, भावोजी आणि जाऊबाई अशा चौघांच्या पैशांचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते आवडीने घेतलं.

निघण्यापूर्वीच मी दोन वाटा वेगळ्या केल्या. किनाऱ्यावरच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्डावर युरो भरले आणि थोडे रोख घेतले. जहाजाच्या बिलासाठी क्रेडिट कार्ड ठेवलं. युरो भरलेल्या कार्डाने डॉलरचं बिल दिलं, की एका परकीय चलनातून दुसऱ्यात जाण्याचं वेगळं शुल्क बसतं. रुपयांचे युरो करताना एकदा पैसे मोजलेले असतात, ते पुन्हा मोजावे लागतात. क्रेडिट कार्डही फुकट नसतं. आपल्याकडच्या पुष्कळ कार्डांवर परदेशी व्यवहाराला 3.5 टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी असतो. म्हणजे 100 डॉलरच्या बिलामागे 4.13 डॉलर वरचे. त्यामुळे कमी मार्कअपचं कार्ड निवडलं. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमानुसार नवीन कार्ड परदेशी वापरासाठी बंदच येतं, म्हणून चौघांची कार्डं घरीच सुरू करून घेतली. तिकडे गेल्यावर कार्ड सुरू करायला ओटीपी लागला, तर तो येणारं सिमकार्ड सोबत असेलच असं नाही.

जहाजावर रोकड चालत नाही. चेक-इनला कार्ड नोंदवायचं किंवा रोख अनामत ठेवायची. मग खोलीची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे चालतं. इथे डेबिट कार्ड देऊ नये असं माझं ठाम मत आहे. जहाज खर्चाच्या अंदाजाने काही रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ती मर्यादेतून वजा दिसते, डेबिट कार्डावर मात्र आपलेच पैसे गोठतात आणि प्रवास संपल्यावरही सुटायला कित्येक दिवस लागू शकतात.

नेपल्सला जाऊबाईंनी लेकीसाठी पोवळ्याचे कानातले घेतले. भावोजींनी स्वतःचं कार्ड पुढे केलं. मशीनवर दोन पर्याय आले : युरो की रुपये. त्यांचं बोट रुपयांकडे गेलं.

"वहिनी, रुपयांत दिले तर किती गेले ते इथेच कळेल की."

"कळेल, पण तो भाव यांनी ठरवलेला असेल. युरो दाबा."

दुकानदाराने शांतपणे मशीन पुन्हा पुढे धरलं. मी मोबाइलवर त्या दिवशीचा दर काढून दाखवला. मशीनवरच्या आकड्यात रुपया बाजारभावापेक्षा बराच स्वस्त धरलेला होता. शिवाय रुपयांत दिलं म्हणून बँकेचं शुल्क टळतंच असं नाही. काही बँका परदेशातल्या रुपया-व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. परदेशात मशीनने विचारलं, तर तिथलंच चलन निवडायचं. आमच्या घरात आता हे सगळ्यांना पाठ आहे.

जहाजावर पैसे जातात ते लहान लहान सह्यांमधून. बारमधल्या पेयावर साधारण 18 टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, तरी पावतीवर जादा टिपची मोकळी ओळ असते. ती आडवी रेघ मारून बंद करायची. समुद्रात मोबाइल विमान-मोडवर ठेवायचा, कारण जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडलं की रोमिंगचा दर जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. मी रोज रात्री जेवण झाल्यावर खोलीतल्या टीव्हीवर खातं बघत होते. एका संध्याकाळी आमच्या नावावर स्पाची नोंद दिसली. आमच्यातलं कुणी तिकडे फिरकलंही नव्हतं. लगेच गेस्ट सर्व्हिसेसला गेले. तिथल्या मुलीने सही तपासून नोंद काढली. शेवटच्या सकाळी याच काउंटरपुढे लांब रांग होती, आणि बंदरावर उतरण्याची वेळ तर टळत नव्हती.

त्याच खात्यावर रोज माणशी ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप, पडते. अमेरिकन जहाजांवर ती साधारण 16 ते 20 डॉलर असते. सात रात्रींच्या फेरीत दोघांचे अडीचशे डॉलर सहज होतात. बऱ्याच जहाजांवर काउंटरवर सांगून ती कमी करता येते, आणि शेवटच्या दिवशी भावोजींनी ते सुचवलंही. मी नको म्हटलं. आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीतला. वडीलही तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, होते, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कंत्राट संपेपर्यंत महिनोन्महिने तो घरापासून लांब असतो, आणि त्याच्या कमाईचा मोठा वाटा या ग्रॅच्युइटीतूनच येतो. चलन बदलताना वाचवलेला रुपया आपला हक्काचा असतो, ग्रॅच्युइटी कापून वाचवलेला नाही. तेव्हा क्रूझचं तिकीट काढतानाच ग्रॅच्युइटी त्यात मिळवून बजेट ठरवा, आणि ती कमी करायला काउंटरवर जाऊ नका.