काळा ठिपका

ऐनाच्या पानाआड बसलेली टसर रेशमाची अळी हुडकायला नजर तयार लागते. पानाचा हिरवा तोच तिचा हिरवा. पण कधी तिच्या कुशीवर एक बारीक ठिपका असतो, कडेला तपकिरी, मध्ये डांबरासारखा काळा. नागपूरहून दीडेक तासावर भंडाऱ्याचं रान लागतं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या टसरचा कोसा पिकवणारे ढिवर लोक तो ठिपका पाहून समजून जातात, की उझी माशी येऊन गेली. माशीनं अंगावर अंडं चिकटवलं, त्यातून निघालेली तिची अळी कातडी भोसकून आत शिरली.

डाग मात्र टसरच्या अळीनं स्वतःच पाडलेला. चिरलेलं वांगं पाण्याबाहेर राहिलं की काळं पडतं, साधारण त्याच जातीची ही क्रिया. फिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम तिच्या रक्तात निजलेलं असतं. जखम झाली किंवा जिवाणूच्या, बुरशीच्या भित्तिकेचा तुकडा आढळला, की एक एन्झाइम दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी याला जाग येते. टायरोसिनपासून क्विनोन, क्विनोनपासून मेलॅनिन. भोक बुजतं, घुसखोर काळ्या कवचात कोंडला जातो. आपल्यासारखी प्रतिपिंडं तिच्याजवळ नाहीत.

मला नवल वाटतं ते बाकीची अळी हिरवीच राहते याचं. क्विनोन विषारी; त्यांना घरचा-दारचा कळत नाही. त्यात किड्यांना रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं, सगळे अवयव एकाच रक्तात बुडालेले. कुशीत सुरू झालेलं डोक्यापर्यंत जायला कितीसा वेळ? म्हणून सर्पिन नावाची प्रथिनं पहाऱ्यावर असतात. साखळीतलं जागं झालेलं एन्झाइम दिसलं, की ती त्याला कायमचं जखडतात. फळमाशीतलं असं एक सर्पिन निकामी केलं तर काय होतं, ते २००२ साली दिसलं: शत्रू नसतानाही अंगात काळे डाग. जपान्यांनी तर तुतीच्या रेशीमकिड्याचं रक्तद्रव काढून चाचणीसाठी बाटलीत भरलं. नमुन्यात जिवाणूंच्या भित्तिकेचा अंश असला, की ते काळं पडतं. डोकं चालतं खरं त्यांचं!

एवढं करून उझी पुष्कळदा जिंकतेच. तिच्या कुळातल्या बऱ्याच माशांच्या अळ्या ते काळं कवच मोडायच्या भानगडीत पडत नाहीत. त्याचीच नळी करून घेतात, शेपटाकडचं टोक बाहेरच्या हवेला लावतात आणि श्वास घेत यजमानाला आतून खात राहतात. टसरच्या कोवळ्या अळ्यांवर जाळी टाकता येते. रानभरच्या ऐनांना कोण जाळी घालणार?

टसरच्या अळीनं मरता मरता कोश विणलाच, तर उझीची अळी तोही फोडून बाहेर पडते. फुटक्या कोशातून सलग धागा निघत नाही. मग बाया तो हातानं ओढून जाडंभरडं सूत काढतात. त्याला घिचा म्हणतात, आणि शहरात हल्ली त्या खरबरीतपणालाच गिऱ्हाईक आहे.