वहीचं इलॅस्टिक

रोजनिशीचं इलॅस्टिक पार सैल पडलं होतं. आत रबराचे बारीक धागे, वर सुताची वीण; ऊन, हवा नि घामाने रबर विटतं, मग ताण धरत नाही. पाव इंची काळं इलॅस्टिक आणलं. मागच्या पुठ्ठ्याचा आतला कागद हळूच उचकटला, दोन चिरांतून पट्टी ओवली, टोकं फेविकॉलने चिकटवली, वर जाड शब्दकोश ठेवला.

गोंद वाळेपर्यंत विचार करत बसले. जुन्या पट्टीने इतकी वर्षं काय काय आवरून धरलं? एसटीची तिकिटं, आईच्या अक्षरातली वाणसामानाची यादी आणि अर्धवट सोडलेली काही पानं. त्यांच्याकडे मी अजूनही फिरकत नाही. का, ते कळत नाही.

तुम्ही इलॅस्टिक बदलणार असाल तर माप घेताना ते किंचित ताणून घ्या. जास्त ताणलंत तर पुठ्ठाच वाकतो.