लॉन खरवडण्याविषयी

इंग्लंडच्या हार्टफर्डशरमध्ये घर घेतलेला आपला माणूस पायरीपायरीने कसा हाताबाहेर जातो, यावर मी अनेकदा बोललो आहे. आधी तो मोअर घेतो. मग कडा कापायचं यंत्र, मग खत फेकायची चाकाची गाडी. आणि ज्या दिवशी त्याच्या शेडमध्ये विजेचं स्कॅरिफायर येतं, म्हणजे गवतात पाती फिरवून ते बुडाशी खरवडायचं यंत्र, त्या दिवशी तो आपल्यातून गेला असं समजावं. मराठी मंडळाच्या जेवणात हे मी रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. दोघातिघांनी माझं ऐकून यंत्र घ्यायचा बेत रद्दही केला. म्हणूनच मत बदललं आहे हे चारचौघांत सांगणं भाग आहे.

त्या मताला आधार नव्हता असं नाही. मी कराडकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे गवत म्हणजे हरळी. तीच दूर्वा म्हणून गणपतीला वाहायची, आणि तिच्याच नावाने माझ्या वडिलांनी, अण्णांनी, जन्मभर बोटं मोडली. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, बाया लावून तिच्या जमिनीतल्या काशा वेचून घ्यायच्या, बांधावर ढीग करून पेटवायचा. तरी राहिलेल्या एखाद्या काशीतून ती पुढच्या पावसाळ्यात परत रानात उतरायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला गवतालाही मदत लागते हे पटायचं कसं?

दुसरा आधार इथला. प्लांटलाइफ या संस्थेने 2019 साली ‘नो मो मे’ सुरू केलं: मे महिन्यात गवत कापू नका, फुलं येऊ द्या, मधमाश्यांचं पोट भरेल. ते मला मनापासून पटलं, अजूनही पटतं. त्यावरून मी माझ्या सोयीचा सिद्धांत काढला की निसर्गाच्या कामात माणसाने लुडबूड करू नये. मे संपला की मात्र दर शनिवारी मोअर घेऊन मी बाहेर. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे तेव्हा खटकलं नाही.

मग 2022 चा उन्हाळा आला. 19 जुलैला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला 40.3 अंश तापमान नोंदवलं गेलं; ब्रिटनमध्ये पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. गल्लीतली सगळी लॉनं वाळून गेली. त्यात विशेष काही नाही, इथलं गवत कडक उन्हात झोपतं आणि पाऊस पडला की उठतं. सप्टेंबरात पाऊस झाला आणि शेजाऱ्यांचं लॉन उठलं. आमचं ठिकठिकाणी मेलेलंच राहिलं. पाऊस दोघांवर सारखाच पडला होता. मातीही तीच, चकमकीचे दगड मिसळलेली चिकणमाती. फरक एवढाच होता की शेजारचे निवृत्त गृहस्थ दर दोन-तीन वर्षांनी स्कॅरिफायर फिरवायचे, आणि त्यावरून मी त्यांचीही थट्टा केली होती.

थट्टेची परतफेड त्यांनी केली नाही. स्वयंपाकघरातली जुनी सुरी आणायला सांगितली आणि लॉनमधून एक त्रिकोणी फोड कापायला लावली. ती हातात घेतली. वर पोपटी शेवाळ आणि चार हिरव्या काड्या, खाली काळपट माती, आणि मधे तीन सेंटिमीटर जाडीचा तपकिरी थर. बोटाने उकलू लागलो तर मेलेले देठ, जुनी मुळं, शेवाळाचे तंतू असे एकमेकांत गुंतलेले की फाडायला जोर लागला. गवताची पांढरी, जिवंत मुळं त्या थरातच फिरत होती, मातीत उतरलेली मोजकीच. पाऊस होऊन गेला तरी थर आतून कोरडा होता. त्यावर चमचाभर पाणी सोडलं. त्याचे गोल थेंब झाले आणि घरंगळून गेले. धनगराच्या अंगावरची घोंगडी पाऊस झटकून टाकते, तसा तो पाणी आत घेतच नव्हता. लॉन तहानेने मेलं होतं, आणि पाणी त्याच्या अंगावरून वाहून गेलं होतं.

या थराला थॅच म्हणतात. कापलेलं गवत तिथेच पडू दिलं की थॅच होतो असं बरेच जण समजतात, पण पात्यांचे तुकडे लवकर कुजतात. थॅच होतो तो देठ, बुंधे, मुळं अशा चिवट भागांचा. सेंटिमीटरभर थर असणं चांगलंच. तो ओल धरतो, ऊन थेट मातीवर पडू देत नाही, पायाखाली मऊ लागतो. कुजण्यापेक्षा साचणं वाढलं की मात्र तो जाड होत जातो, आणि गवत मातीऐवजी त्याच्यातच संसार थाटतं.

आमच्याकडे कुजणं का मंदावलं, याचा धागा आमच्याच जिल्ह्यात सापडला. हार्पेंडनच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात 1856 पासून एका गवताळ रानाचे तुकडे पाडून त्यांना वेगवेगळी खतं दिली जातात. ‘पार्क ग्रास’ नावाचा हा प्रयोग अजून चालू आहे. ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालं आणि चुना मिळाला नाही, तिथली माती आम्ल झाली, गांडुळं नाहीशी झाली, आणि मेलेल्या गवताचा न कुजलेला थर वर साचत गेला. गांडुळं पालापाचोळा मातीत ओढून नेतात आणि खालची माती वर आणतात, हे सांगायला डार्विनने 1881 साली अख्खं पुस्तक लिहिलं होतं. ते ओढून नेणारेच गेले तर कचरा जागेवर राहणार. हे वाचलं आणि शेडच्या कोपऱ्यात घराच्या आधीच्या मालकांनी ठेवलेल्या लॉन सँडच्या पिशव्या आठवल्या. शेवाळ मारायचा इथला जुना उपाय. पिशवी फिरवून मागचं वाचलं: वाळू, फेरस सल्फेट, अमोनियम सल्फेट.

माझं मत फिरलं ते इथे. ज्याला मी निसर्ग म्हणून हात लावत नव्हतो, तो माझ्याआधी कुणीतरी वर्षानुवर्षं पोत्याने खत घालून घडवलेला होता. आणि त्याला रूप देणारा मोअर तरी कुठला निसर्ग? 1830 साली ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला ते सुचलं होतं. त्याआधी मोठ्या घरांपुढचं गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापायचे, नाहीतर मेंढ्या सोडायचे. मेंढी नुसती चरत नाही. ती खुरांनी थर मोडते, लेंड्या टाकते, त्यावर किडे येतात, गांडुळं येतात. आपण तिचं चरणं तेवढं यंत्राला दिलं आणि बाकीची कामं कुणालाच दिली नाहीत. आठवड्याला कापायचं आणि खरवडायची वेळ आली की निसर्गाचं नाव पुढे करायचं, हे काही खरं नव्हे. लॉन हे रान नाही, पीक आहे. कुळव न घालता ‘देवाच्या मनात असेल तसं’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला अण्णा म्हणायचे, देवावर सोडायचा तो पाऊस, तण नव्हे.

यंत्र शेजाऱ्यांचंच आणलं. 1500 वॉटचं. बाजूला खोली ठरवायचा खटका, आणि अदलाबदल करता येणारे दोन रूळ. एक स्प्रिंगच्या तारांचा, तो वरवर विंचरतो. दुसरा पोलादी पात्यांचा, तो थर उभा चिरतो. गवत आधी अडीच सेंटिमीटरवर कापून घेतलं. माती फार ओली असेल तर पाती गवत मुळासकट ओढून काढतात, सुकलेली असेल तर आत शिरत नाहीत. वाफसा आल्याशिवाय अवजार घालायचं नाही, हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. वायर खांद्यावरून मागे टाकायची आणि प्लगपासून लांब जात पट्टे घ्यायचे, म्हणजे ती पात्याखाली येत नाही. मधे आरसीडी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, हवाच. पाती थरात असतात तोवर एकसुरी घरघर चालते. मातीला टेकली की आवाज खाली येतो, मोटर कण्हायला लागते. तिथे खटका एक घर वर घ्यायचा. मातीला दोन-तीन मिलिमीटरचा ओरखडा पुरे. मधेच एखाद्या चकमकीवर पातं टणकन आपटलं की दात आंबतात. मागची पिशवी चार पावलांत भरते, म्हणून शेवटी ती काढूनच ठेवली आणि दाताळ्याने ओढून ढीग केला. एवढ्याशा लॉनमधून निघालेला तो ढीग माझ्या कमरेला लागला.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, “चांगलं हिरवंगार हुतं की रं, त्येचं काय करून ठेवलंस? आन् एवढं गवात वाळवून करणार काय? गुरं हायत व्हय तुझ्याकडं?”

हरळी असती तर आईला निर्धास्त राहा म्हणालो असतो. हरळीचे देठ जमिनीवरून धावतात आणि उघडी जागा आपणच भरून काढतात. पुण्यातल्या बंगल्यापुढची हरळी म्हणूनच ऐन वाढीच्या दिवसांत, उन्हाळ्यात, बुडापर्यंत कापून वर पोयटा आणि शेणखत पसरलं की काम होतं. इथलं रायग्रास धावत नाही, बुंध्या-बुंध्याने वाढतं. खरवडून मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर तिथे पुन्हा शेवाळच येतं. म्हणून चौरस मीटरला साधारण 25 ग्रॅम बी पेरलं, दाताळ्याच्या पाठीने दाबलं आणि ओल टिकवली. सप्टेंबरात माती अजून गरम असते, तण दमलेलं असतं आणि पाऊस येत-जात असतो. आठ-दहा दिवसांत तांबूस बुडाचे कोंब दिसू लागले. पुढच्या वसंतात पुन्हा फोड कापली तेव्हा मुळं मातीत होती.

जुन्या मतातलं काही मी सोडलेलं नाही. मार्चमध्ये दुकानाच्या दाराशी ही यंत्रं मांडली जातात, सुट्टीचा दिवस पाहून लोक ती नेतात आणि थंड जमिनीतलं अर्धवट जागं झालेलं गवत ओरबाडून काढतात, ते मला तेव्हाही पटत नव्हतं, आताही नाही. दरवर्षी खरवडणंही पटत नाही. यंत्र साचलेलं काढतं, साचायचं कारण काढत नाही. ज्याला दरवर्षी ते फिरवावं लागतं, त्याने यंत्र ठेवून माती तपासावी. लॉन सँडला मी हात लावला नाही, मोअरची पाती चार सेंटिमीटरवर नेली. गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या गुठळ्या बुटाला लागतात, त्याची तक्रार करत नाही. उत्तरेच्या कुंपणाला झाडाखाली जो पट्टा आहे तिथे ऊनच पोचत नाही. तिथलं शेवाळ तसंच ठेवलं आहे, टिटमाऊस पक्षी घरट्यासाठी ते चोचीने उपटून नेतात. आणि मे महिन्यात अजूनही कापत नाही.

शेजारी आता मुलीकडे राहायला गेले, जाताना यंत्र मला देऊन गेले. तेव्हा माझ्या सांगण्यावरून ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांनी आताही विकत घेऊ नये. सप्टेंबरात माझ्याकडचं घेऊन जावं. फक्त आधी सुरीने एक फोड कापून बघा. मधला थर करंगळीच्या नखापेक्षा कमी भरला, तर यंत्र डिकीतून उतरवूही नका.