आमची जुनी फियाट

शर्यतीची मोटार म्हटली म्हणजे सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम तिचा वेग उभा राहतो. इंजिन किती बलवान, आवाज किती मोठा, वेगाचा कांटा कोठवर जातो, हेच प्रश्न तो विचारतो. सातपूरच्या एका लेथखान्यांत दिवसाचें काम आटोपल्यावर गेलीं दोन वर्षें मी एक जुनी मोटार शर्यतीच्या मार्गावर धांवण्यायोग्य करण्याच्या खटपटींत होतों; आणि शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यानें वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहावें अशी संपादकांची इच्छा असल्यामुळें त्या खटपटीची हकीकत येथें देत आहें. ती वाचून वेगाची हौस भागेल असें मात्र नाहीं. दोन वर्षांपैकीं वेग वाढविण्याकडे आमचे फार तर दोन महिने गेले असतील.

मोटार आमच्या काकांची. १९७८ सालची, फिकट हिरव्या रंगाची प्रीमियर पद्मिनी. काकांनीं ती १९८६ सालीं नाशकास जुनी म्हणून घेतली. हरसुलांत तिचें नांव फियाटच, आणि तें चूकही नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढील दशकांत फियाट ११०० बाहेर पडूं लागली, आणि तिच्याच पुढच्या आवृत्तीस १९७४ च्या सुमारास पद्मिनी हें नांव मिळालें. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखालीं, चारही चाकांस ड्रमचे ब्रेक, मागें कमानपाटे. मुंबईंत तर ती काळीपिवळी टॅक्सी म्हणूनच लोकांच्या स्मरणांत राहील. अशा शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. हिला क्रीडेची मोटार कोणी म्हणणार नाहीं. परंतु परदेशी मोटार आणणें जेव्हां जवळजवळ अशक्य होतें, तेव्हां आपल्याकडच्या शर्यतींत ही घरगुती गाडीच धांवे. मद्रासजवळ शोलावरम् येथें युद्धकाळांतल्या धांवपट्टीवर शर्यती भरत. तेथें आंतील सामान काढून हलक्या केलेल्या फियाट गाड्या असत, आणि त्यांचे मालक त्या आपल्या हातांनीं सजवीत. आमच्या दादाच्या, म्हणजे काकांच्या मुलाच्या, मनांत हेंच खूळ होतें. तो पुण्यास नोकरीस आहे, आणि चांगली नवी मोटार विकत घेण्याइतकी त्याची ऐपतही आहे. पण त्याला हीच हवी होती.

त्याला कारण आहे, आणि अडचणही तीच होती. काकांची भाताची गिरणी. पूर्वीं रात्रींअपरात्रीं कोणास साप चावला, कोणी बाळंतीण अडली, कीं माणसें गिरणीच्या दाराशीं येत, आणि काका फियाट काढीत. वाघेऱ्याच्या घाटांतून, गिरणाऱ्यावरून, नाशकाचें सिव्हिल हॉस्पिटल. किती खेपा झाल्या याचा हिशेब त्यांनीं ठेवला नाहीं. पेट्रोलाचे पैसेही बहुधा मागितले नाहींत. १९९१ च्या पावसाळ्यांत घाटाच्या एका वळणावर मागच्या बैठकीवर एक मुलगी जन्मास आली. पुढें जीपगाड्या झाल्या, सरकारी रुग्णवाहिका आली, आणि फियाट गिरणीमागच्या पडवींत ताडपत्रीखालीं उभी राहिली. अशी गाडी कापावयाची म्हणजे काय, तें हरसूलच्या माणसास निराळें सांगावयास नको.

शिवाय कायद्याची एक गोष्ट दादानें आरंभींच स्पष्ट सांगितली. नोंदणीच्या कागदावर गाडीचें जें वर्णन असतें त्यांत मूलभूत फरक करून ती रस्त्यावर चालवितां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हेंच सांगितलें. तेव्हां नोंदणी रद्द करून घ्यावी लागणार, आणि त्यानंतर ती जाईल तेथें ट्रकवर चढून जाणार. आपल्या चाकांवर ती हरसुलास पुन्हा येणार नाहीं. हें ऐकून काकू आंत निघून गेली. काका बराच वेळ बोलले नाहींत, आणि मग त्यांनीं विचारलें तें इतकेंच: “ती पळेल हें खरें रे, पण थांबवणार कशानें?”

मोटारीच्या कामांत मुरलेला मनुष्य पहिल्यानें हाच प्रश्न विचारतो, हें मला पुढें समजलें. चालकासह साडेनऊशें किलोची गाडी ताशीं १०० किलोमीटरच्या वेगानें जात असेल, आणि ती ब्रेकांनीं उभी केली, तर तिच्यांतली सर्व गति उष्णता होऊन ब्रेकांत उतरते. ही उष्णता एक लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरून उरेल एवढी असते. शर्यतीच्या मार्गावर पुरतें थांबावें लागत नाहीं हें खरें, पण १०० वरून ५० वर आलें तरी त्यापैकीं तीन-चतुर्थांश उष्णता ब्रेकांत जाते. आणि असें दर फेरींत पुनः पुनः होतें. घाटाची गोष्ट याहून निराळी नाहीं. माणसांनीं भरलेली १२०० किलोची गाडी १०० मीटर उंचीवरून खालीं उतरली, तर १०० च्या वेगावरून तीनदां थांबवण्याइतकी उष्णता कोठें तरी जावयास हवी. काका ती इंजिनाकडे पाठवीत. घाटाच्या तोंडाशीं दुसरा गिअर टाकीत आणि उतार संपेपर्यंत तो काढीत नसत. उतरल्यावर गाडी उभी करून चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहत. वास आला तर दहा मिनिटें थांबत, मग आंत कोणीही असो. लहानपणीं मला ही त्यांची संवय निव्वळ विक्षिप्तपणाची वाटे.

ड्रमचा दोष असा कीं, तापला म्हणजे तो फुगतो आणि आंतल्या लायनरांपासून दूर सरतो. पायदान अधिकाधिक खालीं जातें. लायनरही तापून गुळगुळीत होतात आणि त्यांची पकड जाते. तिसरा शत्रु दिसत नाहीं. ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा ओढून घेतें. ‘डॉट ३’ जातीचें नवें तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. तेंच ओलावा शिरल्यावर १४० अंशांवर उकळूं शकतें. उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय दाबूनही चाकांस कांहीं कळत नाहीं. आमच्या हरसूलच्या पावसांत उभ्या राहिलेल्या गाडींतलें तेल आम्हीं काढलें तेव्हां तें काळ्या चहासारखें होतें. नळ्या सर्व बदलल्या, तेल ‘डॉट ४’ चें घातलें, आणि पुढच्या चाकांना एका नंतरच्या गाडीच्या डिस्क बसविल्या. त्या डिस्क या गाडीच्या चाकमुळांवर आयत्या बसत नाहींत. मधले जोडतुकडे मीं स्वतः कातले, आणि ते तीनदां मोडींत टाकून चौथ्यांदा पसंत केले. यांतच पहिले आठ महिने गेले. दादा पुण्याहून दर रविवारीं येऊन विचारी, “अजून इंजिन उघडलें नाहीं कां?”

इंजिन उघडलें तेव्हां माझ्या वांट्यास फ्लायव्हील आलें. इंजिनाच्या मागच्या टोकास हें जड लोखंडी चक्र असतें. जड असल्यामुळें गाडी संथपणें चालते, पण त्याच जडपणामुळें इंजिन वेग घेण्यास आळस करतें. म्हणून शर्यतवाले तें कातून हलकें करतात. काम लेथवरचें, आणि दिसावयास अगदीं सोपें. परंतु येथें मीं फार भीत भीत हत्यार लावलें. त्या चक्राचा व्यास सुमारें २६ सेंटिमीटर. इंजिन मिनिटास ५००० फेरे घेतें तेव्हां गाडीचा वेग कांहींही असो, चक्राची कड ताशीं २४० किलोमीटरांहून अधिक वेगानें फिरत असते. आणि तें चक्र चालकाच्या पायांच्या अगदीं पुढेंच असतें. ओतीव लोखंड नको तेथें पातळ झालें, किंवा त्यांत जुनी चीर राहून गेली, तर तें बंदुकीच्या गोळीसारखें फुटतें. म्हणून प्रथम तांबडा रंग लावून, पुसून, वर पांढरी भुकटी उडवून चिरा शोधल्या. चीर असली तर तांबडी रेघ भुकटींतून वर येते. रेघ आली नाहीं. मग मध्यभागास हात न लावतां केवळ कडेजवळचें लोखंड थोडथोडें उतरविलें. पावणेदोन किलो निघालें. दादास तीन किलो हवें होतें. त्यावरून आमचे दोन आठवडे बोलणें बंद होतें, आणि तें पुन्हा सुरू झालें तेव्हांही मीं आणखी लोखंड काढलें नाहीं. बाकी इंजिनास फार केलें नाहीं. हेडचा तळ किंचित् घांसला, झडपांच्या वाटा साफ केल्या, आणि तेलाच्या तबकांत आडवे पत्रे जोडले. कारण वळणावर तेल एका बाजूस धांवतें आणि शोषनळी कोरडी पडून बेअरिंगें क्षणांत जळतात.

बैठकी काढण्याचा दिवस कोणासच आवडला नाहीं. पोलादी नळ्यांचा पिंजरा आंत बसवावयाचा तर मागची बैठक, दारांचीं अस्तरें, छताचें कापड, सारें निघालें पाहिजे. गाडी उलटली तर छप्पर चेपूं नये म्हणून हा पिंजरा असतो, आणि त्याच्या बाबतींत तडजोड चालत नाहीं. मागची बैठक आम्हीं भंगारांत घालणार तेवढ्यांत काकूचा निरोप आला कीं ती हरसुलास पाठवावी. आज ती त्यांच्या ओट्यावर भिंतीशीं ठेवलेली आहे. त्या १९९१ च्या मुलीची आई बाजारास आली कीं कांहीं न बोलतां घटकाभर तिच्यावर टेकते, आणि पाणी पिऊन जाते. नोंदणी रद्द करण्याच्या कागदावर काकांनीं सही केली तीही त्याच बैठकीवर बसून. सही नीट आली नाहीं म्हणून दुसरा कागद आणावा लागला.

मग आग विझविण्याचें नळकांडें, बाहेरून वीज तोडण्याची कळ, खांद्यांवरून येणारे पट्टे, बॅटरीचा पक्का बंद. हें सर्व लवकर झालें, कारण त्यांत मतभेदास जागा नव्हती.

येथें पालकांच्या मनांत एक प्रश्न आला असेल. आपल्या भागांतले कांहीं तरुण मोटारसायकलींवर वाघेऱ्याच्या घाटांतच शर्यती लावतात. मग एवढ्या दूर जाऊन खर्च कशाला? घाटांत वळणापलीकडून बैलगाडी येते, भाताचें ओझें घेतलेली बाई येते, शाळेंतून घरीं निघालेलें पोर येतें. शर्यतीच्या मार्गावर सर्व गाड्या एकाच दिशेनें जातात, वळणाबाहेर मोकळी जागा असते, निशाणें धरून माणसें उभीं असतात आणि रुग्णवाहिका तयार असते. एवढाच फरक आहे, पण तो मोठा आहे. आम्ही गेलों तो मार्ग कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम् येथें आहे. १९९५ सालीं विमान अपघातांत निवर्तलेले मोटारक्रीडेचे पुरस्कर्ते एस. करिवर्धन यांचें नांव त्यास दिलें आहे. एक फेरी सुमारें २.१ किलोमीटरची. नाशकाहून ट्रकनें अंतर १४०० किलोमीटरच्या आसपास.

काका आले. शहात्तर वर्षांचें वय, गुडघे दुखरे, पण आले. हा दिवस स्पर्धेचा नव्हता. ठराविक वेळांनीं गटागटानें गाड्या सोडतात. दादा पहिल्या खेपेस सहा फेऱ्या करून आला. या अवधींत आजकालच्या लहान लहान मोटारी त्याला सहज मागें टाकून गेल्या, हें लपवून ठेवण्यासारखें नाहीं. गाडी उभी राहतांच काका भिंतीच्या आडून पुढें झाले, आणि कोणी अडविण्याच्या आंत एकेका चाकाजवळ तळहात नेत चहूंकडून फिरले. पुढें दोन्हीकडे सारखें. मागें उजवीकडे ठीक. मागें डावीकडे ते थांबले, वांकले, आणि म्हणाले, “हा ब्रेकाचा वास नाहीं. तेलाचा आहे.”

चाक काढलें. ॲक्सलचें सील गळत होतें, आणि गिअरतेलाचा ओघळ ड्रमच्या कडेपर्यंत आला होता. लायनरांना अजून लागला नव्हता. दादाची दुसरी खेप बाकी होती, पैसे भरलेले होते, १४०० किलोमीटर येऊन झालेलें होतें. सहाच फेऱ्यांचा प्रश्न, असें तो म्हणाला. काका कांहीं बोलले नाहींत. ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले, आणि दादानें तें परत मागितलें नाहीं. दुपारीं आम्हीं गाडी ट्रकवर चढविली.

सध्यां तो ॲक्सल माझ्या लेथवर आहे. सील जेथें घांसतें तेथें चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बारीक खोबण पडली आहे. नुसतें नवें सील घालून भागणार नाहीं, त्या जागीं पोलादी कडें चढवून तें मापास आणावें लागेल. कडें परवां तयार होईल. काका हरसुलाहून दर रविवारीं फोन करून त्याची चौकशी करतात, आणि मागचे डावे लायनर जुनेच घातलेत कीं नवे, हें प्रत्येक वेळीं पुन्हा विचारतात.