३ वाजून ५३ मिनिटे

लंडनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य सकाळी ८ वाजून ४ मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि दुपारी ३ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास मावळतो. हिवाळ्यात इंग्लंडला जाण्याचा बेत आखणाऱ्या बहुतेक कुटुंबांना ही माहिती फिरण्याच्या वेळा ठरवण्यापुरती लागते. चौविहार पाळणाऱ्या घराला ती तिकिटाच्याही आधी लागते. पुण्यातील एका ओसवाल घरात गेल्या वर्षी तेच घडले. लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात लंडनच्या वायव्य उपनगरात राहतात. त्यांच्याकडे तीन आठवडे जायचे ठरले आणि पहिला कागद समोर आला तो सूर्योदय-सूर्यास्ताच्या तक्त्याचा.

मुळात हिवाळाच का, हा प्रश्न लेकीनेही विचारला होता. "मम्मी, जूनमध्ये या ना. तेव्हा इथे रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो. तुमची काहीच अडचण होणार नाही." सल्ला व्यवहार्य होता. पण या घराचे वर्ष जानेवारीपासून सुरू होत नाही. आजींचा वर्षीतप चालू होता. अक्षय्य तृतीयेला पारणे, त्यानंतर उन्हाळ्यातली घरची लग्ने, आषाढात चातुर्मास बसला की स्थानकात महासतीजींची सेवा आणि पुढे पर्युषण. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठतो, तेव्हा कुठे घराबाहेर पडण्याची मोकळीक मिळते. तिकडे नातीच्या शाळेला मोठी सुटी नाताळातच. दोन्ही दिनदर्शिका एकमेकींवर ठेवल्या की डिसेंबरचा उत्तरार्ध एवढीच जागा रिकामी उरत होती.

आणखी एक बाब होती, जी प्रवासी कंपनीच्या कोणत्याही अर्जात विचारली जात नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे व्रत दिशापरिमाणाचे, म्हणजे कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा आपणहून घालून घेण्याचे. आजींनी व्रते घेतली त्या वर्षी लेक नुकतीच परदेशी गेली होती, म्हणून त्यांनी पश्चिमेच्या मर्यादेत तेवढी सवलत राखून ठेवली होती. ती नोंद असलेली जुनी वही शोधण्यात एक दुपार गेली. वही सापडली, मर्यादेत लंडन बसत होते, आणि मगच व्हिसाचा विषय निघाला.

व्हिसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा सहसा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा देतो आणि प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. निवृत्तांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की खात्यात दरमहा जमा होणारे निवृत्तिवेतन अधिकाऱ्याला जितके पटते, तितकी अर्जाच्या आदल्या आठवड्यात मुलाने किंवा पुतण्याने भरलेली मोठी रक्कम पटत नाही. फुगवलेल्या शिलकीपेक्षा सरळ खाते बरे.

खरा हिशेब तासांचा होता. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारसीसाठी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे वजा केली, तरी खाण्यापिण्याला दहा तास मिळतात. लंडनमध्ये तीच वजाबाकी केली की ८ वाजून ५२ मिनिटे ते ३ वाजून ५३ मिनिटे, म्हणजे जेमतेम सात तास उरतात आणि बाकीच्या सतरा तासांत पाणीही नाही. जावयांनी हौसेने चार दिवस एडिंबरोचा बेत सुचवला होता. तिथे सूर्य ८ वाजून ४० मिनिटांनंतर उगवतो आणि ३ वाजून ४० मिनिटांच्या आसपास मावळतो. सहा तासांचा दिवस! स्कॉटलंड तिथेच गळाले.

आजींना सतरा तासांचे काहीच वाटत नव्हते. वर्षीतप करणाऱ्या बाईला काय वाटणार? प्रश्न आजोबांचा होता. त्यांचे वय एकाहत्तर, बारा वर्षांपासून मधुमेह, रात्रीची एक गोळी. घरी पुण्यात सायंकाळी साडेपाचला जेवून गोळी घेतली की गाडी सुरळीत चाले. लंडनमध्ये तीच गोळी साडेतीनला घेऊन पुढे सतरा तास निर्जळ राहायचे, हे ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी औषधाच्या वेळा बदलून दिल्या आणि पाणी सोडायचे नाही असे स्पष्ट सांगितले. साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर घड्याळाकडे न पाहता ग्लुकोज घ्यायचे, हेही बजावले. आजोबांना हे जड गेले. चाळीस वर्षांचा चौविहार तीन आठवड्यांच्या सहलीसाठी मोडायचा तर जायचेच कशाला, असे ते दोन दिवस म्हणत राहिले. एका रात्री तर त्यांनी आजींना सांगितले, "तू एकटी जाऊन ये."

तोडगा स्थानकात निघाला. महासतीजींनी त्यांना पच्चक्खाणातील आगारांची आठवण करून दिली. पच्चक्खाण घेतानाच त्यात काही अपवाद उच्चारलेले असतात, आणि देहाची समाधी बिघडत असेल तर औषध घेण्याचा अपवाद त्यांतलाच एक. तीन आठवडे तिविहार करावा, म्हणजे पाण्याची मोकळीक राहते, आणि औषधाचा आगार मनात स्पष्ट ठेवावा. व्रत घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण हे शब्द रोज उच्चारतात, पण ते कशासाठी आहेत हे गरज पडेपर्यंत त्यांच्या ध्यानात येत नाही. प्रवासविम्याच्या अर्जातही आजोबांनी मधुमेहाची नोंद आठवणीने केली. आधीचा आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी कागदच ठरतो, आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर पाहुण्यांना खर्च भरावा लागतो.

सामानाचे पान त्यामानाने लवकर उरकले. लंडनच्या पावसाचा बोलबाला मोठा, पण तेथे वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटरच पडतो. मुंबईत त्याच्या तिपटीहून अधिक. फरक असा की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत हिशेब मिटवतो आणि लंडनचा वर्षभर हप्ते भरत राहतो. डिसेंबरात दिवसाचे तापमान आठ अंशांच्या आसपास असते, पण ओलाव्यामुळे गारठा हाडांत शिरतो. उबदार जाकिटे घेताना आतली चिठ्ठी वाचावी. 'डाउन' लिहिले असेल तर आत बदकाची किंवा हंसाची पिसे असतात, कृत्रिम धाग्याचे जाकीट तेवढेच काम देते. हातमोजे आणि बूटही कातड्याचे नसलेले सहज मिळतात. तूप, पेढे आणि बर्फी मात्र बॅगेतून काढावी लागली, कारण भारतातून दूध व दुधाचे पदार्थ तिकडे नेण्यास बंदी आहे. खाकरे, मुगाचे पापड, मेथीची कोरडी चटणी राहिली. दुधी, तोंडली, मेथी वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर मिळतात, त्यांची काळजी नव्हती. काळजी होती ती बाहेरच्या खाण्याची. 'व्हीगन' या शिक्क्याने दूध-अंडे टळते, पण बटाटा, गाजर, कांदा टळत नाही, आणि इंग्रजांचा हिवाळी शाकाहार तर कंदमुळांवरच उभा आहे. नाताळच्या पारंपरिक पुडिंगमध्ये बैलाची चरबी घालतात, हेही ठाऊक असलेले बरे. १८८८ साली मोहनदास गांधी लंडनला निघाले, तेव्हा मांस, मदिरा आणि परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनीच दिली होती. फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे शाकाहारी भोजनगृह सापडेपर्यंत त्या तरुणाने अनेक दिवस अर्धपोटी काढले. आजच्या प्रवाशाला विमान कंपनीकडे चोवीस तास आधी जैन जेवण नोंदवले की आकाशातही ते मिळते.

या सगळ्यात एक गोष्ट कोणत्याच यादीत नव्हती. लेकीने लंडनला गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी चौविहार सोडला होता. नोकरीवरून घरी यायला तिला साडेसहा होतात, तेव्हा हिवाळ्यात अंधार पडून अडीच तास झालेले असतात. आईवडिलांना ते ठाऊक होते आणि त्यावर कधी बोलणे झाले नव्हते. जूनमध्ये या, या आग्रहामागे हे दडले होते. जूनमध्ये सगळे एका टेबलावर बसले असते आणि कोणी कोणाच्या ताटाकडे पाहिले नसते. डिसेंबरमध्ये आई साडेतीनला एकटी जेवणार आणि सात वाजता लेक आईसमोर ताट वाढून घेणार. आजींनाही हे दिसत होते. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, "बेटा, तुम्ही जेवाल तेव्हा मी सामायिक घेऊन बसेन. तू माझ्यासाठी उपाशी राहायचं नाही."

लेक त्या दिवशी काही बोलली नाही. चार दिवसांनी तिचा निरोप आला. २५ आणि २६ डिसेंबरला सगळ्यांनाच सुटी असते. इंग्रज या सुट्यांना बँक हॉलिडे म्हणतात, कारण १८७१ च्या कायद्याने त्या प्रथम बँकांसाठी ठरल्या आणि तो कायदा आणणारे जॉन लबक स्वतः बँकर होते. २५ तारखेला तर लंडनमध्ये आगगाडी, बस काहीच धावत नाही, सारे शहर घरात असते. तिने आणखी चार दिवस रजा टाकली होती. त्या सहा दिवसांत सगळ्यांचे जेवण सव्वातीनला होणार होते. एक दिवस लेस्टरला जायचेही ठरले. सेंट पॅन्क्रसहून सव्वा तासाच्या आसपास आगगाडीचा प्रवास. तिथल्या जुन्या चर्चच्या इमारतीत १९८८ पासून जैन केंद्र उभे आहे आणि श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सारे एकाच छताखाली येतात. डबा घरून न्यायचा आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी संपवायचा.

नातीची शंका वेगळी होती. लंडनला ढग इतके असतात की सूर्य दिवसभर दिसत नाही, मग तो मावळला हे कसे कळणार? आजोबांनी तिला तक्ता पाठवला आणि काम सोपवले. रोजची वेळ वहीत उतरवायची आणि पंधरा मिनिटे आधी सर्वांना सांगायचे. तक्ता वाचून तिनेच उलट कळवले की ३१ डिसेंबरला सूर्यास्त चार वाजून एक मिनिटाने आहे, म्हणजे आजोबांना आठ मिनिटे जास्त मिळतील.

जावयांनी मात्र एक प्रश्न विचारला. सव्वातीनला जेवल्यावर संध्याकाळी सहाला चहा चालेल का? आजी म्हणाल्या, "पच्चक्खाण घेतलं असेल तर नाही. घेतलं नसेल तर चहा मीच करून देईन."