बरे न झालेल्यांची साक्ष

आमच्या सभांमध्ये साक्ष देण्याची एक ठरलेली चाल आहे. उठायचं, सगळ्यांना ‘जय ख्रिस्त’ म्हणायचं, आजार केवढा होता, डॉक्टरांनी हात कसे टेकले, किती दिवस उपास-प्रार्थना केली आणि शेवटी रिपोर्ट नॉर्मल कसा आला ते सांगायचं. लोक ‘हालेलूया’ म्हणतात, पेटीवाला सूर धरतो, पुढचं गीत सुरू होतं. कोडोलीच्या मंडळीत मी लहानपणापासून अशा साक्षी ऐकल्या. त्यातल्या बहुतेक खऱ्याच होत्या, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याचा रिपोर्ट नॉर्मल येतच नाही त्यानं उठून काय बोलायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मला मलकापुरात शिकायला मिळालं.

मी नर्स. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले. वॉनलेस साहेबांनी 1894 मध्ये काढलेलं ते हॉस्पिटल म्हणजे आमच्या भागातल्या ख्रिस्ती मुलींचं जणू दुसरं माहेर. पुढे सरकारी नोकरी लागली आणि बदल्या होत होत शाहूवाडी तालुक्यात येऊन पडले. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर आहे. एसटीचं आगार, बाजारपेठ, आणि जून ते सप्टेंबर नुसता पाऊस. आमचे हे खाजगी नोकरीत होते. ती सोडून माझ्याबरोबर आले आणि इथे छोटं दुकान घातलं.

मिशनची जुनी ठाणी म्हणजे कोल्हापूर, कोडोली, मिरज, सांगली. मिशनरी रॉयल वाइल्डर आणि त्यांची पत्नी 1852 मध्ये कोल्हापुरात आले, 1870 मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, तिथून ही शाखा-उपशाखांची वाढ. मलकापुरात मात्र आमच्या गटाला स्वतःचं देऊळ नव्हतं. बदलीवर आलेलं एक शिक्षक जोडपं, एसटीतले एक कंडक्टरकाका, बँकेतला एक तरुण आणि जवळच्या वाडीवरून चालत येणारी एक आजी आणि तिचा मुलगा-सून, एवढी आमची मंडळी. रविवारी संध्याकाळी शिक्षकांच्या घरी सोप्यात उपासना व्हायची. पाळकसाहेब दुसऱ्या गावाहून महिन्यातून एकदा यायचे, तेव्हा प्रभुभोजन. बाकीच्या रविवारी कंडक्टरकाकाच चालवायचे. वर पत्रा असल्यामुळे आषाढात शास्त्रवाचन कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून आम्ही गीतंच जास्त म्हणायचो. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक काढायचं, ना. वा. टिळकांची एकापाठोपाठ एक गीतं घ्यायची आणि पावसापेक्षा मोठ्यानं गायचं. शहरातल्या देवळात कॉयर असतो, त्यामुळे बाकीच्यांनी ओठ हलवले तरी भागतं. इथे एक माणूस गप्प बसला तर गाणं लंगडं व्हायचं.

वाडीवरच्या त्या आजीचा मुलगा एकदा सहज बोलला होता की त्याच्या पोराला शाळेत सवलत मिळाली नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी ठरली ती हिंदूंपुरती. नंतर 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. ‘कागदावर हिंदू लिहा, उपासनेला कोण अडवतंय,’ असं त्याला खूप जणांनी सुचवलं होतं. त्यानं लिहिलं नाही. ही गोष्ट त्यानं साक्ष म्हणून कधीच सांगितली नाही, चहा पिताना सांगितली. तेव्हा मला तिचं वजन कळलं नव्हतं, कारण आमच्या घरात तोवर सगळं ठीक होतं.

2016 मध्ये यांच्या पायांना सूज यायला लागली. रक्तदाब जुनाच होता. मी स्वतः रक्त काढून तपासायला दिलं आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, आकडा वाचला. नर्स असण्याचा हा एक तोटा. डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच मला सगळं कळून चुकलं होतं. काही महिन्यांत डाव्या हातावर फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि रोहिणी जोडली, आणि आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला डायलिसिस सुरू झालं. एका वेळेला चार तास मशीनवर. पहाटे उठायचं, एसटी पकडायची, बांबवडे, वाघबीळ, केर्ली करत कोल्हापूर, आणि संध्याकाळी माणूस पिळून काढल्यासारखा परत. त्या हातावर बोट ठेवलं की रक्ताची थरथर लागायची. ती लागतेय ना हे मी रोज सकाळी बघायची आणि मगच प्रार्थनेला बसायची.

पाण्याचं बंधन सगळ्यात वाईट. दिवसाला सातशे-आठशे मिली, त्यातच चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट. पालेभाजी उकळून पाणी टाकून द्यायचं, नारळपाणी बंद, केळं बंद, कारण पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. प्रभुभोजनाच्या रविवारी हे तो इवलासा प्याला हातात घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे. द्राक्षरसाचा तो घोटही आम्ही दिवसाच्या हिशेबात धरत होतो. पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली, पवित्र गोष्ट आपण मिलीमध्ये मोजतोय म्हणून. पाळकसाहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचेच प्याले अर्धे भरले. त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पाळकपणाची जी काही शिकवण मला मिळाली त्यात ही सगळ्यात मोठी.

त्याच सुमारास बाहेरगावचे एक बंधू पाहुणे वक्ते म्हणून आले होते. सभा झाल्यावर यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी बराच वेळ प्रार्थना केली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘भगिनी, मशीनवर विसंबता म्हणून देवाचा हात थांबलाय. विश्वास कमी पडतोय तुमचा.’ मी रोज पेशंटच्या नातेवाइकांचे काय काय बोल ऐकते, त्यामुळे चेहरा सरळ ठेवता आला. घरी आल्यावर हे म्हणाले, ‘मग पुढच्या गुरुवारी जायचं नाही का?’ विचारताना ते हसत नव्हते. त्या रात्री मला देवाचा राग आला नाही, त्या बंधूंचा आला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. दोन पाळ्या चुकवल्या तर काय होतं हे ज्याला ठाऊक नाही त्यानं असं बोलू नये. आणि ज्याला ठाऊक आहे तो तर बोलणारच नाही.

बायबलातल्या ईयोबाचे मित्र मला तेव्हापासून जवळून ओळखीचे झाले. ते आले, त्याच्याबरोबर सात दिवस जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर सगळं छान होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

पुढच्या रविवारी मी उपासनेला जायची नाही म्हणत होते. शिक्षकबाई घरी आल्या. त्यांनी समजूत घातली नाही. ‘आज तुमच्याकडे उपासना ठेवू या का, यांना चालायला नको,’ एवढंच विचारलं आणि संध्याकाळी सगळी मंडळी पेटीसकट आमच्या दाराशी. कंडक्टरकाकांनी त्या दिवशी वाचायला 88 वं स्तोत्र काढलं. ते कुणी सहसा काढत नाही. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटाकडे येता येता सावरतात, कुठेतरी स्तुतीला लागतात. हे सावरत नाही. रडणारा माणूस देवाला जाब विचारतो आणि अंधारातच थांबतो. काकांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ‘हेही शास्त्रातच आहे. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला देवळाबाहेर काढलं नाही, त्याचं गाणं गाण्यांच्या पुस्तकात घातलं.’ काका सातवी पास. धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्या कुणाकडून मला यापेक्षा धड काही ऐकायला मिळालेलं नाही.

त्या दिवसापासून उपासना आमच्या घरी आली ती आलीच. मी कधी गायची, कधी नाही. विश्वास टिकवला, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात तेव्हा मला अवघड होतं. कितीतरी रविवार मी नुसती भिंतीला टेकून बसले होते, माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द फुटत नव्हता. पण घरात प्रार्थना चालू होती. मी गप्प होते तेव्हा वाडीवरची आजी बेसूर, पण खड्या आवाजात गात होती, आणि मी तिथे बसलेली होते. माझा विश्वास त्या काळात माझ्याजवळ कमी आणि त्यांच्याजवळ जास्त होता.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी, कोल्हापूर तुटलं. डायलिसिसचा दिवस आला आणि गेला. मी यांचं पाणी आणखी तोडलं, मीठ बंद केलं, रात्री उशा रचून बसतं झोपवलं. श्वास लागायला लागला की सगळं संपतं हे मला माहीत होतं, म्हणून रात्रभर श्वास मोजत बसायची. तेव्हा मंडळीनं पाळ्या लावून घेतल्या, रात्री कुणीतरी एक जण माझ्याबरोबर जागं. प्रार्थना फार लांबलचक झाल्या नाहीत. बँकेतला मुलगा तर नुसता फोनवर रस्त्याची बातमी काढत बसायचा. शेजारच्या मुसलमान घरातून रोज डबा यायचा, मिठाविना केलेला. पाणी उतरलं, रस्ता खुला झाला आणि आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. अशी गोष्ट सभेत सांगितली की लोक लगेच ‘हालेलूया’ म्हणतात. पण त्याच पुरात कुणाकुणाची माणसं गेली, घरं गेली. त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती असं थोडंच आहे? म्हणून मी ही साक्ष म्हणून सांगत नाही, घडलं म्हणून सांगते.

मग 2020. टाळेबंदीत डायलिसिससाठी पास मिळाला, पण उपासना बंद. 10 एप्रिलला उत्तम शुक्रवार आला. बारा ते तीनची उपासना, क्रुसावरच्या सात वचनांवर एकेक मनन, हे आमचं वर्षाचं सगळ्यात मोठं बसणं. त्या वर्षी कॉन्फरन्स कॉलवर बसलो. सगळे एकदम गायला लागले की आवाज पुढेमागे व्हायचे, कुणाचा कुत्रा भुंकायचा, कुणाचं नेटवर्क जायचं. शेवटी ठरलं की एकानं गायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हे म्हणाले, ‘उपासना झाली, पण गर्दी झाली नाही.’ तेवढी आठ-दहा माणसं आम्हाला गर्दी वाटत होती! 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली आणि आम्ही तोंडावर मास्क बांधून पुन्हा आमच्या सोप्यात बसलो. पुढच्या एप्रिलात परत बंद.

मे 2021 मध्ये एका पहाटे हे गेले. कोरोनानं नाही, झोपेतच हृदय थांबलं. माती कोडोलीला दिली, कारण यांचे आईवडील तिथेच आहेत. अंत्यविधीला वीसच माणसं चालत होती आणि मलकापूरच्या मंडळीतलं कुणी येऊ शकलं नाही. माझ्या दिरांनी फोन लावून ठेवला. मलकापुरात ते आपापल्या दारात उभे राहून गायले, एकाच वेळी, आवाज पुढेमागे. आम्हा घरच्यांना तेव्हा गाता येत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच जणांनी मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी एप्रिलात त्या स्वतः गेल्या, तोवर त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम हातावेगळं केलं होतं. उदाहरण थोर आहे. पण रमाबाईंच्या भोवती केडगावला शेकडो बायकांची प्रार्थना रोज चालू होती, हे उदाहरण देणारे सांगत नाहीत. एकट्या बाईचं धैर्य म्हणून त्यांची गोष्ट सांगितली की आपल्यासारख्यांना ती उगीच भिववते.

7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी, प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. त्यानंतरच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी उठले. ‘जय ख्रिस्त’ म्हटलं. माझे यजमान बरे झाले नाहीत, आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती, का बरे झाले नाहीत ते मला माहीत नाही, आणि मी पुढच्या रविवारी येणार आहे, एवढं बोलून खाली बसले. ‘हालेलूया’ कुणी म्हटलं नाही. पेटीवाल्याला सूर धरावा की नाही ते कळेना. मग आजीचा मुलगा उठला आणि त्यानं आपल्या पोराच्या शाळेची, त्या कागदाची गोष्ट पहिल्यांदाच सभेत सांगितली.

आता मी निवृत्त होऊन कोडोलीला आले आहे. इथली मंडळी मोठी आहे, साक्षीला नावं आधी द्यावी लागतात. तुमच्याकडे उपासना चालवणारे कुणी हे वाचत असतील तर एक विनंती आहे: ज्यांचं दुखणं अजून चालू आहे, ज्यांची नोकरी गेलेली अजून मिळालेली नाही, ज्यांचं माणूस गेलं आहे, त्यांचीही नावं त्या यादीत घ्या. आणि ते बोलून बसले की घाईनं पुढचं गीत सुरू करू नका.